गात्रवीणेचे घर

संगीताचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा दरबारांचा, घराण्यांचा आणि रंगभूमीचा. ग्वाल्हेरची गायकी, किर्लोस्करांचे नाटक, मिरजेचे तंबोरे, १९०१ साली लाहोरास स्थापन झालेले विष्णु दिगंबरांचे गांधर्व महाविद्यालय ही त्या इतिहासातील ठळक स्थानके होत. ज्या गावात राजा नव्हता, राजगवई नव्हता, नाटकमंडळीचा मुक्काम पडला तर पडला, अशा गावाच्या वाट्याला त्या इतिहासात एक ओळही येत नाही. तथापि त्या गावांतही मुले जन्मली, वाढली आणि गाऊ लागली. त्यांच्या कंठात सूर कोणी घातला, हातापायांत लय कोणी भरली, हा प्रश्न विचारू लागले म्हणजे इतिहासाला दरबाराची पायरी उतरून घराच्या ओसरीवर यावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे असेच एक गाव. नळगंगेच्या काठी वसलेले हे गाव खानदेशच्या फारुकी घराण्यातील एका राजपुत्राने वसविले व आपल्या कन्येच्या सन्मानार्थ त्याला मलिकापूर असे नाव दिले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. गाव वऱ्हाडात, पण खानदेशच्या वेशीवर. त्यामुळे बोली, नातीगोती आणि गाणी या तिन्ही बाबतींत त्याचा एक पाय इकडे व एक पाय तिकडे. पुढे येथून आगगाडी धावू लागली, १८६७ साली ती नागपुरास पोहोचली आणि मलकापूर कापसाची पेठ म्हणून नावारूपास आले. पेठेला सरकी, रुई आणि गाठी यांचा हिशेब ठाऊक. गाण्याचा हिशेब तिने कधी ठेवला नाही. तो हिशेब घरांत, स्त्रियांच्या आणि मुलांच्या मुखी राहिला.

या घरगुती गाण्याची पहिली विशेषता ही की त्याला वाद्य लागत नसे. घरात तंबोरा नव्हता, पेटी क्वचितच. मुलांच्या हाती जे होते ते म्हणजे त्यांचा कंठ, दोन तळहात, दोन पाय आणि फार तर टिपऱ्यांची एक जोडी. हे दारिद्र्याचे लक्षण समजण्याची चूक होऊ नये. आपल्या संगीतशास्त्राने या देहालाच आद्य वाद्य मानले आहे. नारदीय शिक्षेत वीणेचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक दारवी, म्हणजे लाकडाची, दुसरी गात्रवीणा, म्हणजे शरीराची. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेल्या तालाच्या क्रिया दिल्या आहेत. काही क्रिया सशब्द, काही निःशब्द. सशब्द क्रियांत चुटकी आहे, उजव्या हाताची टाळी आहे, डाव्या हाताची आहे आणि दोन्ही हातांची मिळून आहे. निःशब्द क्रियांत हात केवळ हलतो, वाजत नाही. आजचा गवई टाळी आणि खाली हाताने दाखवितो तो याच परंपरेने. तेव्हा मांडीवरचे मूल आईच्या हातावर हात मारून हसते तेव्हा ते तालाच्या पहिल्या पायरीवर उभे असते, असे म्हणण्यास शास्त्राचा पूर्ण आधार आहे.

इतिहासाचा आधारही कमी जुना नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. मराठी गाण्याचा हा फार जुना उल्लेख. आणि तो सभेतील गायनाचा नसून मुसळाच्या घावाबरोबर उठणाऱ्या गाण्याचा आहे, ही गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. खुद्द वऱ्हाडापुरते पाहिले तर अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे महदंबेने गोविंदप्रभूंसाठी धवळे गाइले ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. धवळे म्हणजे लग्नघरी स्त्रियांनी गावयाची गीते. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा मान आहे तिची वाणी अशी घरच्या मंगलप्रसंगाच्या चालीतून उमलली.

घरातील ही शाळा कोणत्या क्रमाने चाले? तिला पुस्तक नव्हते, परंतु क्रम निश्चित होता. पहिला वर्ग पाळण्याचा. बाराव्या दिवशी बारसे होई, सुवासिनी पाळण्याभोवती जमत, दोरी हाती घेऊन पाळणा म्हणत. पाळणा एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाऊन परतण्यास जितका वेळ घेतो तितकाच गाण्याचा एक चरण. गाणारीने मनात आणले तरी तिला चरण घाईने म्हणता येत नाही, कारण दोरीचे आणि लाकडाचे आंदोलन आपल्याच गतीने चालते. अशा रीतीने मुलाला शब्द कळण्यापूर्वी लय कळे. ती त्याला ऐकू येई त्याहून अधिक सर्वांगाला जाणवे.

दुसरा वर्ग मांडीवरचा. तीट लावणे, हात धरून टाळ्या वाजविणे, पायांवर बसवून झुलविणे, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेका बोटाला नाव देणे, तळहातावर बोट फिरवीत शेवटी काखेत गुदगुली करणे, या साऱ्या खेळांना गुणगुण असे. या खेळांत एक मोठी युक्ती आहे. गुदगुली केव्हा येणार हे मुलाला आधीच कळते आणि ते श्वास रोखून तिची वाट पाहते. समेची वाट पाहणे ते हेच. मैफलीत समेवर मान डोलावणारा रसिक आणि गुदगुलीच्या क्षणी खळखळून हसणारे मूल यांच्यात भेद वयाचा आहे, जातीचा नव्हे.

तिसरा वर्ग अंगणातला. आपडीथापडीपासून झिम्म्यापर्यंत आणि झिम्म्यापासून फुगडीपर्यंत मुली आपल्याआप चढत जात. आपडीथापडीत सर्वांचे हात एकाच घावाला लागतात. झिम्म्यात एक टाळी स्वतःची व एक समोरच्या मुलीची. म्हणजे आपला ताल सांभाळून दुसरीच्या तालाशी जुळवून घ्यावयाचे. फुगडीत तर दोघींचा तोलच तालावर अवलंबून. एकीचा पाय चुकला की दोघी पडल्या. तोंडाने पखवाजासारखे बोल काढण्याचा पकवाही फुगडीबरोबरच साधला जाई. जिभेने, ओठांनी आणि श्वासाने तालवाद्याची उणीव भरून काढण्याची ही कला कोणा उस्तादाने शिकविली नाही. थोरल्या बहिणीने धाकटीला शिकविली.

या शाळेची परीक्षा म्हणावी असा उत्सव म्हणजे भुलाबाई. पश्चिम महाराष्ट्रात आश्विनात पाटावर हत्ती काढून मुली भोंडला किंवा हादगा खेळतात, त्याचेच वऱ्हाड-खानदेशातील भावंड भुलाबाई होय. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर हा उत्सव चाले. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. दोघांच्या मातीच्या मूर्ती, सोबत बाळगणेश, अशी स्थापना घराच्या कोनाड्यात होई. भुलाबाई महिनाभर माहेरी आली आहे अशी भावना. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून तिला निरोप द्यावयाचा. संध्याकाळी मुली एकीच्या घरून दुसरीच्या घरी जात, फेर धरून टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणत आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची. ओळखता आली नाही तर घरातील आईचा विजय, ओळखली तर मुलींचा.

या गाण्यांची बांधणी मोठी विचारपूर्वक झालेली दिसते, जरी तिचा कर्ता कोणी एक नाही. पुष्कळ गाण्यांत कडव्यामागून कडवे तेच असते. बदलते ते एकच नाव. पहिल्या कडव्यात सासरा, दुसऱ्यात सासू, मग दीर, जाऊ, नणंद. सहा वर्षांची मुलगी पहिले कडवे ऐकते, दुसऱ्यात अडखळत सामील होते आणि तिसऱ्यापासून थोरल्या मुलींच्या बरोबरीने गाते. काही गाणी प्रश्नोत्तराची: अर्ध्या फेराने विचारावयाचे, अर्ध्याने उत्तर द्यावयाचे. त्यामुळे आपली पाळी नसताना गप्प राहून लय मनात चालू ठेवण्याचा अभ्यास होई, आणि हा अभ्यास गाण्याहून अवघड आहे. टिपरीचा एक घाव आपल्या दुसऱ्या टिपरीवर, दुसरा शेजारणीच्या टिपरीवर. पाय फेरावर, मुख गाण्यावर. चार कामे एकाच वेळी. तरीही मुलींना तो खेळच वाटे.

या खेळामागे मात्र एक कठोर वास्तव होते. गाण्यांचा विषय सासर आणि माहेर हा असे. सासूची टोचणी, माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे, डोहाळे, बाळंतपण, पाळणा. गाणाऱ्या मुली तर आठ-दहा वर्षांच्या. जे आज टिपऱ्यांवर हसत म्हणावयाचे तेच दोन-चार वर्षांत प्रत्यक्ष भोगावयाचे, अशी त्या काळची रीत. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविणारा सारडा कायदा १९२९ साली संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्यापूर्वी कित्येक घरांत मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षी सासरी जात असे. म्हणजे माहेरच्या अंगणातील ही संगीतशाळा अल्पमुदतीची होती. जे शिकावयाचे ते त्या चार-सहा वर्षांत, जन्मभर पुरेल इतके शिकावयाचे. सासरी गेलेल्या मुलीजवळ दागिने होते ते घरच्यांच्या कुलपात. गाणी तेवढी तिची स्वतःची. जी गोष्ट सासूला तोंडावर सांगता येत नव्हती ती गाण्यात सांगता येत होती, कारण गाणे कोणा एकीचे नसून सर्वांचे असते आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नाही.

तिच्या गाण्याचे पुढचे ठिकाण म्हणजे जाते. पहाटे अंधारात जात्याची घरघर सुरू झाली की तोच तिचा षड्ज. समोरासमोर बसलेल्या दोघींनी एकच खुंटा धरावा, एकीने ओढावा, दुसरीने लोटावा, मधून वैरण घालावी आणि ओवी म्हणावी. ओवीला अक्षरांचे कडक बंधन नाही. शब्द अधिक झाले तर ते दाटीने म्हणावयाचे, कमी पडले तर स्वर लांबवावयाचा, पण चरणाचा शेवट फेऱ्याच्या ठिकाणी आला पाहिजे. मांडीवर डोके ठेवून निजलेले मूल ही ओढ आणि हा विसावा झोपेतच आत्मसात करी. थोडे मोठे झाले की तेही खुंट्याला हात लावी. मुलग्यांचाही यात वाटा होताच. पुढे त्यांची शाळा भजनात आणि दिंडीत भरे. मलकापुराच्या पुढे याच लोहमार्गावर असलेल्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपुरास जाते. टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकणे म्हणजे काय, हे वाटेवरच्या गावांतील मुले दिंडीच्या कडेकडेने चालता चालता शिकली.

मलकापुराच्या परिसरातील लेवा बोलीनेच या घरगुती गाण्याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण दिले. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचीत व म्हणत. ऐकणारे घरचेच. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही उतरवून घेतली म्हणून ती उरली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, ती प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. पण त्या स्वतः ती कोणत्या लयीत म्हणत, कोठे थांबत, कोठे स्वर उंचावत, हे कागदावर कसे उतरणार? पुढे त्या गाण्यांना इतरांनी चाली दिल्या आणि त्या लोकप्रियही झाल्या. मूळ आवाज मात्र ज्यांनी ऐकला त्यांच्याबरोबरच गेला.

नेमका येथेच या इतिहासाचा कळीचा प्रश्न उभा राहतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या. जाते थांबले आणि ओवीची पहाट सरली. याबद्दल गळा काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. दळण हे कष्टाचे काम होते, त्याने स्त्रियांचे हात आणि पाठ झिजत. गिरणीने त्यांना विश्रांती दिली हे उत्तमच झाले. मुलींचे लग्नाचे वय वाढले, त्या शाळेत जाऊ लागल्या, हे त्याहून उत्तम. परंतु ज्या कामांना गाणी चिकटून होती ती कामे गेली तेव्हा गाण्यांना नवे घर शोधून देण्याचे कोणाला सुचले नाही. त्याच सुमारास ग्रामोफोन आला, मग रेडिओ आला. उत्तम गवयाचे गाणे घरबसल्या ऐकावयास मिळू लागले आणि त्या मानाने आपला आवाज फिका वाटू लागून आई गप्प बसली. गाणे ही करण्याची गोष्ट होती, ती ऐकण्याची झाली.

विद्वानांनी आपल्या परीने धावपळ केली. साने गुरुजींनी स्वातंत्र्यापूर्वीच 'स्त्री जीवन' या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह केला. डॉ. कमलाबाई देशपांडे यांचा 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' हा ग्रंथ १९४८ साली आला. या ग्रंथांचे ऋण फार मोठे आहे. तथापि त्यांचा भर शब्दांवर होता, आणि शब्द हे या गाण्याचे केवळ एक अंग. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही गाणाऱ्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. तेथे प्रथमच ओवी मोठ्या प्रमाणावर कानांना उपलब्ध झाली. पण ध्वनिमुद्रणातही खुंट्याची ओढ हाताला लागत नाही. ती लागावी म्हणून दुसरा हातच पाहिजे.

आश्चर्याची गोष्ट ही की आपल्या घरांतून ही रीत सुटत असताना युरोपातील संगीतशिक्षक तीच मोठ्या प्रयासाने उभारीत होते. जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात १८९२ पासून शिकविणाऱ्या एमिल जाक-दालक्रोझ यांना आढळले की विद्यार्थी वाद्य अचूक वाजवितात, पण लय त्यांच्या अंगात नसते. म्हणून त्यांनी चालणे, वळणे, टाळ्या देणे यांतून लय शिकविण्याची पद्धती बसविली. हंगेरीचे झोल्तान कोदाय १९०५ पासून खेड्यांतील लोकगीते जमवू लागले आणि मुलाचे संगीत त्याच्या स्वतःच्या कंठापासून व मातृभाषेतील गाण्यापासून सुरू झाले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी १९२४ साली म्युनिकमध्ये डोरोथे ग्युंथर यांच्यासह शाळा काढली. टाळी, चुटकी, मांडीवरची थाप आणि पायाचा ठेका यांना त्यांच्या पद्धतीत प्रथम स्थान मिळाले. १९४८ साली त्यांचे मुलांसाठीचे संगीताचे पाठ बव्हेरियाच्या रेडिओवरून सुरू झाले. त्याच वर्षी, १६ जुलैला, नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, हा योगायोग वऱ्हाडच्या रहिवाशास सूचक वाटल्यावाचून राहणार नाही.

आपल्याकडेही ही दृष्टी असणारी माणसे होती. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. आजूबाजूस जे सहज मिळते त्यातूनच बालवाडी उभी करावयाची हे त्यांचे सूत्र, आणि बालगीतांना त्यांच्या बालवाडीत मानाचे स्थान होते. परदेशी साहित्य विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून मूल संगीतावाचून राहते, ही समजूत त्यांच्या कार्याने खोटी ठरविली.

भुलाबाई अद्याप संपलेली नाही. वऱ्हाडात आणि खानदेशात ठिकठिकाणी संस्था भुलाबाईचे कार्यक्रम भरवितात, मुली नटूनथटून व्यासपीठावर फेर धरतात, बक्षिसे मिळतात. हे चांगलेच आहे. परंतु व्यासपीठ वर्षातून एक दिवस आणि पाळणा, मांडी, ओसरी ही रोजची. व्यासपीठावर चुकलेला पाय लाज आणतो, ओसरीवर चुकलेला पाय हसू आणतो. आणि लहान मूल शिकते ते दुसऱ्या ठिकाणी. जुन्या गाण्यांतील सासुरवास आजच्या मुलीच्या कानी घालावा असे कोणी म्हणणार नाही. कडव्यात एकच नाव बदलण्याची ती जुनी बांधणी मात्र नव्या नावांनाही तितकीच मोकळी आहे. सासऱ्याच्या जागी आजोबा आले, दिराच्या जागी शेजारचा मित्र आला, तरी टिपरीचा घाव चुकत नाही. फेरात मुलगाही उभा राहिला तर तो मोडत नाही.

मलकापूरसारख्या गावाने संगीताच्या इतिहासाला मोठा गवई दिला नसेल. त्याने जे दिले ते असे: पिढ्यानपिढ्या, कोणतेही वाद्य विकत न घेता, घरातील प्रत्येक मुलाला सूर आणि लय यांचे पहिले शिक्षण मिळत राहील अशी व्यवस्था. ती बादशाही गेली तरी टिकली, इंग्रजी अंमल आला तरी टिकली. तिला धक्का बसला तो आई गप्प राहू लागली तेव्हा. पोथीतील गाणे शंभर वर्षांनीही वाचता येते. पण तळहातावरून तळहातावर जाणारी लय मधली एक पिढी थांबली की तुटते आणि मागाहून कोणत्याही ग्रंथातून परत मिळत नाही. आजी अजून घरात आहे, तिला चाल आठवते आहे, तोवर नातवाचा हात तिच्या हातात दिला पाहिजे.